निवृत्तीचे ओ सेल

रक्तपेढीत नोकरी करणाऱ्या माणसाला स्वतःचं रक्त स्वतःपाशी ठेवता येतं असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही हैदराबादेतल्या कोठी भागातल्या त्या दवाखान्यात कधी गेलेला नाहीत. दर सोमवारी सकाळी तिथले जुने तंत्रज्ञ जहीरसाब हाताखालच्या निवृत्तीला बाही वर करायची खूण करायचे. "आओ मियाँ, सोमवार है." मग त्याच्या दंडातून पाच मिली रक्त निघायचं, धुतलं जायचं, मिठाच्या पाण्यात कालवलं जायचं आणि एका शीशीत भरून फ्रिजमध्ये जायचं. शीशीवर चिकटपट्टी, पट्टीवर जहीरसाबच्या वळणदार इंग्रजी अक्षरात 'निवृत्तीचे ओ सेल'.

ह्यात छळ वगैरे काही नव्हता, कामाची रीत होती. अनोळखी माणसाच्या सिरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरलेल्या पाण्यात, काही वावगं आहे का हे बघायचं, तर त्यात ओ गटाच्या लाल पेशी टाकून बघतात. पेशी सुट्या राहिल्या तर सिरम चांगलं, गोळा धरून बसल्या तर काहीतरी बिघाड आहे. ह्या पेशी बाजारात सहज मिळत नसत, म्हणून स्टाफमधला कुणीतरी ओवाला धरायचा. अकरा वर्षं तो निवृत्ती होता. हैदराबादेतल्या हजारो बायाबापड्यांचं सिरम त्याच्या पेशींना भेटून गेलं होतं, आणि निवृत्तीला त्याचा अभिमान होता. तसा गरीब माणूस हो, हादगावकडचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण रक्ताचा विषय निघाला की छाती दोन इंच वर यायची.

लग्नातसुद्धा त्यानं हीच टिमकी वाजवली होती. "आमच्यात पत्रिका बघत नाहीत," असं तो मांडवात सांगत सुटला होता, "मी रिपोर्ट बघितला. पोरगी ओ पॉझिटिव्ह, मी ओ पॉझिटिव्ह. आणखी काय जुळायचं राहिलं?" नवरीच्या, मीनाच्या मामांनी मान डोलावली होती, मीना पदरात हसली होती.

पुढचं ऐका. ब्याण्णव साली मीनाला पहिल्यांदा दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात सगळं वाहून गेलं. अंबरपेठच्या त्यांच्या दोन खोल्यांतून तिला रिक्षात घालून आणली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. रक्ताची बाटली लगेच हवी होती. त्या काळात दवाखान्याच्या भिंतीला टेकून रक्त विकणारे बसलेले असायचे, डोळे तारवटलेले, हातांवर सुयांचे वण. त्यात एड्स ह्या नव्या रोगाचं नाव नुकतंच पेपरातून घरोघर पोचलं होतं. त्यांच्यापैकी कुणाचं रक्त निवृत्ती आपल्या बायकोला लावेल? त्यानं टेबलावर आडवं होऊन स्वतःचं दिलं. जहीरसाबनी जुळवून बघितलं, चोख जुळलं. मीना वाचली ती त्या बाटलीमुळे, हे खरं आहे आणि ते कुणी नाकारणार नाही.

मीनानं ते गल्लीभर सांगितलं. नळावर, दळणाच्या चक्कीवर, भाजीवाल्यापाशी. "माझ्या अंगात ह्यांचंच रक्त हाय." निवृत्ती वरवर रागवायचा, "गप गं," म्हणायचा. पण त्याला ते आवडायचं. इतकं आवडायचं की ती आठ दिवस बोलली नाही तर तोच विषय काढायचा.

चौऱ्याण्णव साली पुन्हा दिवस राहिले. ह्या वेळी सगळं नीट चाललं होतं, आठव्या महिन्यापर्यंत. मग पोटातली हालचाल थांबली. मुलगा होता. निवृत्तीची आई विमलाबाई बाळंतपणाला आली होती, तिनं दारातच सांगितलं, "तिला दावू नका. बघितलं की जीव गुतून राहतो." मीना टेबलावर गुंगीत होती. निवृत्तीनं पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं ते ओझं दोन्ही हातांवर घेतलं आणि मुसी नदीच्या काठी नेऊन पुरलं. परत आला तेव्हा मीना जागी झाली होती. तिनं काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. आई निगेटिव्ह असली की बाळाशी रक्त भांडतं, ही तर पॉझिटिव्ह, म्हणजे रक्ताची भानगड असायची शक्यता नाही, असं सगळ्यांनीच धरून चाललं. त्यात निवृत्तीही आला.

तर असं करत सत्त्याण्णव साल उजाडलं. शहरात नुसती धांदल उडाली होती. घरावर केबलची वायर, नाक्यावर एसटीडीची पिवळी पाटी, शहराबाहेर खडक फोडून काचेच्या इमारती. आणि पावसाळा सरता सरता मीनाला पाचवा महिना लागला होता.

ह्या वेळी दोघंही दबकून होते. मीना घरात बाळाचं काही आणू देत नव्हती. विमलाबाईनं शिवलेली दुपटी तिनं तशीच पिशवीत बांधून माळ्यावर टाकायला लावली. निवृत्ती मात्र रस्त्यात हरवायचा. कोठीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडलेली असतात, तिथे तो अक्षरओळखीचं पुस्तक हातात घ्यायचा, पानं उलटायचा आणि परत ठेवायचा. मलकपेठच्या बाजारात मुठीएवढ्या टोपड्यांपाशी उभा राहायचा, दुकानदार "क्या होना?" म्हणाला की पुढे चालायला लागायचा. त्याची एक वेगळीच भूक होती. त्याचा बाप तो तीन वर्षांचा असताना गेला, भाऊ नाही, काका नाही. बापाचा एक फोटोसुद्धा नव्हता. जगात आपल्यासारखा दिसणारा एकही माणूस नाही, हे त्याला दाढी करताना आरशात रोज जाणवायचं. पोर व्हावं आणि ते थेट आपल्यावर जावं, एवढंच त्याचं मागणं होतं. मुलगा असो की मुलगी, चेहरा आपला असावा.

रक्तपेढीत जहीरसाबचा एक कायदा होता. "अपने घर का खून अपन नै देखना." आपल्या माणसाची ट्यूब हातात आली की डोळा खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. माणूस पंचावन्नचा, तीस वर्षं ट्यूबा हलवलेल्या, उगाच बोलत नसे. पण सप्टेंबरात एका सकाळी ते कामावर यायच्या आत निवृत्तीनं कायदा मोडला. मीनासाठी एक बाटली आधीच राखून ठेवावी म्हणून त्यानं तिचं रक्त आणलं, सिरम वेगळं काढलं आणि फ्रिजमधली नेहमीची शीशी उघडली. दोन थेंब सिरम, एक थेंब पेशी. ट्यूब फिरवून उजेडासमोर धरली.

पेशींनी गोळा धरला होता. हलवली तरी फुटेना.

ट्यूब घाण असेल म्हणून त्यानं दुसरी घेतली. तेच. मग त्यानं स्टाफमधल्या आणखी तीन ओवाल्यांचे फ्रिजमध्ये ठेवलेले नमुने काढून त्यांच्या पेशी लावून बघितल्या. जहीरसाबच्या पेशी सुट्या, स्वच्छ. एका सिस्टरच्या सुट्या. दुसऱ्या सिस्टरच्या थोड्या चिकटलेल्या. आणि निवृत्तीच्या चौथ्यांदा लावल्या तरी तोच लाल खडा. अकरा वर्षांत हजारो लोकांच्या सिरममध्ये सुखानं पोहलेल्या पेशी बायकोच्या सिरममध्ये थिजून बसल्या होत्या.

जहीरसाब आले, स्टँडवरच्या ट्यूबांवरचं नाव वाचलं. निवृत्तीला वाटलं आता बोलणी बसणार. त्याऐवजी ते स्टूल ओढून शेजारी बसले.

रक्तपेढीच्या डॉक्टर शर्वरी मॅडम वर्षापूर्वी पुण्याहून आल्या होत्या. वयानं निवृत्तीहून लहान, बोलणं शुद्ध, इतकं शुद्ध की निवृत्ती त्यांच्यासमोर शब्द चाचपून बोलायचा. पण बाई कामाला वाघ आणि मनानं मऊ. बाजार मोकळा झाल्यापासून टाय लावलेले कंपन्यांचे लोक रक्तातल्या खुणा ओळखायच्या परदेशी सिरमच्या नमुन्याच्या कुप्या देऊन जायचे, त्या मॅडमनी कपाटात जपून ठेवल्या होत्या. त्यातली एक त्यांनी काढली आणि दुपारपर्यंत नाव कळलं. आपल्याला वाटतं रक्तात ए, बी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढंच असतं. लाल पेशीवर खुणा शेकड्यांनी आहेत. त्यातल्या एकीला 'लहान सी' म्हणतात. ती मीनाच्या पेशींवर नव्हती, निवृत्तीच्या पेशींवर होती. मीनाच्या अंगात त्या खुणेविरुद्ध अँटिबॉडी तयार झाली होती. ब्याण्णव साली ही कुपी ह्या दवाखान्यात कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "आधी बघू या ती कुठल्या प्रकारची आहे."

हा प्रकार काय, ते निवृत्तीला माहीत होतं, पण त्या दिवशी त्यानं ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. शरीरात परकं काही शिरलं की पहिल्या धडाक्यात जी अँटिबॉडी निघते ती एम प्रकारची. आकारानं थोराड, पाच जोडून एक झालेली. ती वार ओलांडून पोटातल्या बाळाकडे जाऊ शकत नाही. नंतर येते ती जी प्रकारची. सुटसुटीत, एकटी. ती वारेतून आरपार जाते. "मुळात ती सोय बाळासाठीच आहे," मॅडम म्हणाल्या. "आईची राखण पोटातल्या जिवाला मिळावी म्हणून वार तिला वाट देते."

वेगळं करायची युक्ती सोपी होती. जहीरसाबच्या टेबलाखाली एक काळी बाटली असायची, सडक्या अंड्यासारखा वास येणारी. त्यातले थेंब सिरममध्ये टाकले की एमचे सांधे निखळतात, जीला काही होत नाही. म्हणजे थेंब टाकून, ट्यूब गरम पाण्यात अर्धा तास ठेवून, पुन्हा पेशी लावायच्या. गोळा धरला नाही तर एम होती, पोराला धोका नाही. धरला तर जी.

जहीरसाबनी निवृत्तीला बाहेर घालवलं. तो व्हरांड्यात बाकावर बसला आणि त्यानं आयुष्यात कशाची वाट पाहिली नसेल तशी त्या अर्ध्या तासाची पाहिली. एम असू दे. नवी असू दे, थोराड असू दे, दारापाशीच अडकू दे. आत खिडकी उघडल्याचा आवाज आला, वासाची झुळूक आली. मग जहीरसाब दारात आले.

"जी है मियाँ," ते म्हणाले. "थोडी एम भी है. पन बाकी सब जी."

निवृत्ती उठून मॅडमच्या खोलीत गेला. त्यानं जे विचारलं ते अकरा वर्षं रक्तपेढीत घालवलेल्या माणसानं विचारायला नको होतं. "मॅडम, जीची परत एम करता येईल का? काही इंजेक्शन, काही औषध? बाहेरच्या देशात तरी?"

शर्वरी मॅडम त्याला हसल्या नाहीत. त्यांनी एक कोरा फॉर्म उलटा केला आणि त्यावर लांब रेघ ओढली. रेघेवर एकामागून एक चौकटी काढल्या. "ही अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीच्या आतली जनुकांची पट्टी समजा. ह्या टोकाला ओळखणारा भाग. परकं कोण हे तो ठरवतो. त्याच्या शेजारी एमची चौकट, पुढे जीच्या, आणखी पुढे दुसऱ्या. सुरुवातीला पेशी शेजारची चौकट वापरते, म्हणून एम निघते. मग दुसऱ्या पेशींनी तिला इशारा दिला की ती पट्टी कापते. इथे एकदा आणि इथे एकदा. मधला भाग काढून टाकते आणि ही दोन टोकं जोडून घेते. आता ओळखणाऱ्या भागाच्या शेजारी जी आली."

"कापते म्हणजे खरंच कापते?"

"खरंच. कात्री कोण चालवतं ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. पण कापते हे नक्की."

"आणि तो मधला तुकडा?"

"त्याची एक कडी होते. थोडे दिवस पेशीत तरंगते आणि मग नाहीशी होते. एमची चौकट त्या तुकड्यात गेलेली असते. त्यामुळे ती पेशी पुन्हा एम करू शकत नाही, निवृत्ती. करायला तिच्याकडे काही उरलेलंच नसतं."

"ओळख तरी बदलत असेल."

"ओळख तीच राहते. ज्याला एकदा ओळखलं त्यालाच ओळखते, उलट आणखी पक्की." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ही सुरुवात कधीतरी बाहेरच्या रक्तानं होते. मीनाताईंना आधी कधी रक्त दिलं होतं का?"

"हो. ब्याण्णवला. एक बाटली."

"कुणाचं?"

निवृत्तीनं दंडावरची बाही खाली ओढली. दारात उभे असलेले जहीरसाब खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडमना काय कळायचं ते कळलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही नसतं दिलं तर त्या राहिल्या नसत्या." हे वाक्य पुढं चार महिने निवृत्तीनं रोज स्वतःला म्हणून दाखवलं आणि रोज ते कमी पडलं.

एक आशा होती. मॅडमनी निवृत्तीच्या पेशींवर लहान सी आणि तिची जोडीदार मोठी सी, दोन्ही आहेत का ते तपासलं; दोन्ही होत्या. लहान सी त्याला आईबापांपैकी एकाकडूनच आली होती. म्हणजे पोटातल्या बाळाला ती मिळायची किंवा न मिळायची शक्यता निम्मी निम्मी. नाही मिळाली, तर मीनाच्या अँटिबॉडीला त्या पोरात ओळखण्यासारखं काही सापडणार नाही.

झालं, त्या दिवसापासून निवृत्तीची सगळी भूक उलटी फिरली. ज्या माणसाला पोर थेट आपल्यावर जायला हवं होतं, तो सकाळी आरशासमोर उभा राहून म्हणायचा, माझं काही घेऊ नकोस बाबा. आईचं घे. सगळं तिचं घे. रंग, नाक, बोटं, झोपायची सवय, सगळं. लहान सी ही एक खूण आहे, नाकाशी तिचा काही संबंध नाही, हे त्याला कळत नव्हतं का? कळत होतं. पण भीतीला एवढा हिशेब कुठून यायचा. त्याला वाटायचं, पोरानं आपलं एवढंसं जरी उचललं तरी त्याच्या पाठोपाठ ते येईल.

आणि मीनाला त्यानं सांगितलं नाही. "रक्तात जरा दोष आहे, दर महिन्याला बघायचं," एवढंच सांगितलं. बोलायचं तो रोज ठरवायचा. एकदा जेवताना सुरुवातही केली, तर मीना पोटावर हात ठेवून म्हणाली, "आत्ता लाथ मारली. तुमच्यासारखंच हाय बघा, शांत बस म्हटलं तर बसत नाही." तो पानावरून उठला. तिला वाटलं तिखट झालं.

दर महिन्याला जहीरसाब सिरममध्ये मिठाचं पाणी वाढवत वाढवत ते किती पातळ केलं तरी पेशी गोळा धरतात ते बघायचे आणि आकडा सांगायचे. ऑक्टोबरात आठ पट. नोव्हेंबरात सोळा. डिसेंबरात बत्तीस. आकडा चढतो आहे, म्हणजे आतल्या पोरावर ती खूण आहे, अशीच चिन्हं होती. निम्म्यातला वाईट निम्मा पदरात पडला होता. पोरानं बापाचं घेतलं होतं. निवृत्तीनं रजिस्टरमध्ये बत्तीस लिहिलं आणि संडासात जाऊन नळ सोडून रडला.

मॅडमनी बाळंतपणाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं की वाट बघत बसायचं नाही. जानेवारीत, पस्तीस आठवडे भरले त्या सकाळी मीनाची सुटका केली. मुलगी झाली. रडली, चांगली ठणठणीत रडली. नर्सरीच्या काचेआडून निवृत्तीनं बघितलं आणि तिथेच थांबला. सिस्टर म्हणाली, या आत, हात धुऊन घ्या. तो गेला नाही. दुपारी बारापर्यंत पोरीचे डोळे पिवळे झाले, एकपर्यंत छाती, दोनपर्यंत पोट.

रक्त बदलायचं ठरलं. पोरीचं थोडं थोडं काढायचं आणि ती खूण नसलेलं दुसऱ्याचं थोडं थोडं घालायचं, म्हणजे आईच्या अँटिबॉडीला फोडायला काही मिळू नये. खूण नसलेला ओवाला कोण, ते सप्टेंबरपासून माहीत होतं. रमजान चालू होता. जहीरसाबनी टोपी काढून ठेवली आणि टेबलावर आडवे झाले.

"साब, रोजा आहे तुमचा," निवृत्ती म्हणाला.

"खून देने से टूटता नै मियाँ. टूटा तो बाद में रख लेंगे. सुई लाव."

निवृत्तीनंच सुई लावली. मग मीनाला सांगायला वॉर्डात गेला. विमलाबाई उशाशी बसून तिचे केस विंचरत होती.

"अहो, कुणाचं रक्त देणार हिला?" मीनानं विचारलं.

"जहीरसाबचं."

"त्यांचं काहून? तुमचं द्या ना."

"माझं चालत नाही."

"काहून नाही चालत? मला चाललं की. लग्नात तुम्हीच सांगत होता, तुझं नि माझं एकच हाय म्हणून." ती कोपरांवर उठायला बघत होती. "मला दुसऱ्या कुणाचं नको. मी त्या दिवशी मेले होते, तुमच्या रक्तानं उठले. तेच द्या हिला. हात जोडते."

तिनं खरोखर हात जोडले. निवृत्ती पलंगाच्या कडेला बसला.

"मीना, तुला माझं रक्त चाललं नाही," तो म्हणाला. "तेव्हा जीव वाचला, ते खरं. पण तुझ्या अंगाला ते परकं वाटलं. त्याला मारायचं विष तुझ्या अंगानं तयार केलं, आणि ते अजून आहे. तुला त्यानं काही होत नाही. पोरावर जातं. पोर माझं म्हणून जातं. हिला तेच झालंय." त्याला वाटलं इथे थांबावं. पण थांबला नाही. "त्यालाही तेच झालं होतं. माझ्यामुळं गेला तो."

विमलाबाईच्या हातातला कंगवा थांबला.

"कधीपासून माहीत हाय तुम्हाला?" मीनानं विचारलं.

"दसऱ्याच्या आधीपासून."

मीनानं जोडलेले हात सोडले आणि भिंतीकडे तोंड केलं. निवृत्ती उठून नर्सरीपाशी गेला.

दोन तास चाललं ते. बेंबीतून बारीक नळी, नळीला सिरिंज. दहा मिली बाहेर, दहा मिली आत. मॅडम आकडे बोलत होत्या, सिस्टर लिहीत होती. काचेबाहेर निवृत्ती उभा होता. अकरा वर्षं दर सोमवारी ज्यानं दंड पुढे केला, कुणाच्याही बापाला, कुणाच्याही बहिणीला ज्याच्या पेशी चालल्या, त्याच्याकडे स्वतःच्या पोरीला द्यायला एक थेंब नव्हता. द्यावंसं इतकं वाटत होतं की हात दुखत होता. शेजारी स्टुलावर जहीरसाब कोपरात कापूस दाबून डोळे मिटून बसले होते. त्यांच्या रक्तानं पोरगी हळूहळू भरत होती आणि तिच्यातलं निवृत्तीचं जे होतं ते सिरिंजमधून तसराळ्यात जात होतं.

पोरगी टिकली. दुसऱ्या दिवशी काविळीचा आकडा उतरला, तिसऱ्या दिवशी आणखी उतरला. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं तिला आणून मीनाच्या कुशीत ठेवलं. तीन दिवस मीना निवृत्तीशी एक शब्द बोलली नव्हती. तो डबा आणायचा, पाणी भरून ठेवायचा आणि दारापाशी उभा राहायचा. पोरीला त्यानं अजून हात लावला नव्हता. विमलाबाई आणि शेजारच्या पलंगावरच्या बाया पोरीभोवती जमल्या आणि ती कुणावर गेली त्याची चर्चा करू लागल्या, तसा तो आणखी मागे सरकला. जरा वेळानं बाया पांगल्या, विमलाबाई गरम पाणी आणायला गेली.

"अहो," मीना म्हणाली.

तो पुढे आला.

"तुम्ही त्याला नेलं, तेव्हा कापड उघडून बघितलं होतं का?"

साडेतीन वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं. निवृत्तीला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणणं सोपं होतं, आणि विमलाबाईनं सांगितलं होतं तसं शहाणपणाचंही होतं.

"बघितलं होतं," तो म्हणाला.

"मला कुणी दाखवला नाही. मी रोज वेगवेगळा चेहरा लावून बघते त्याला. एकही बसत नाही." तिचा आवाज कोरडा होता. "आता सगळं सांगितलंच हाय तुम्ही. तेही सांगा. कसा होता तो?"

निवृत्ती पलंगाशी खाली बसला. मुसीच्या काठी खड्डा तयार झाल्यावर त्यानं कापडाचं टोक बाजूला केलं होतं, एवढ्यासाठीच की आपल्यासारखं दिसणारं कुणीतरी एकदा बघावं. ते त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

"अंग सुजलं होतं," तो म्हणाला. "पांढरं पडलं होतं. पण केस होते, दाट, तुझ्यासारखे. कपाळ तुझं. मुठी आवळलेल्या होत्या. आणि नाक..."

त्यानं हात पुढे केला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा पोरीला बोट लावलं. बसकं, टोकाशी जरासं रुंद, त्याचं स्वतःचं नाक. वरून खाली त्यानं ते हळूच गिरवलं.

"असं," तो म्हणाला.

मीनानं पोरीचं डोकं तळहातावर घेऊन उजेडाकडं वळवलं.

"पुन्हा दाखवा," ती म्हणाली. "नीट दाखवा."